एकट्याचा हात कुठवर पोहोचतो

‘मी एकट्याने करून काय होणार आहे?’ हा प्रश्न दोन प्रकारची माणसं विचारतात. काहींना त्यातून अंग काढून घ्यायचं असतं. काहींना तो खरोखर पडलेला असतो. या दुसऱ्या माणसांना आपण बहुतेक वेळा एखादा सुविचार ऐकवतो आणि मोकळे होतो. मला ते अन्यायाचं वाटतं. कारण एका माणसाच्या रोजच्या, साध्या कृतीने दुसऱ्याच्या आयुष्यात किती फरक पडतो, हे गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेक ठिकाणी पाहिलं गेलं आहे, मोजलं गेलं आहे. त्या मोजमापातून काय हाती लागतं, याचा हा आढावा. त्यात आरोग्याची उदाहरणं जास्त आहेत, कारण तिथे फरक नेमका दिसतो. बाळ जगलं की नाही, एवढाच तिथला हिशेब.

सुरुवात व्हिएन्नापासून करावी लागते. १८४७ साली तिथल्या मोठ्या इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी बाळंतपणं करत, दुसऱ्यात सुइणी. बाळंतज्वराने होणारे मृत्यू डॉक्टरांच्या विभागात कितीतरी जास्त होते आणि शहरातल्या बायकांना ते पक्कं ठाऊक होतं. आपल्याला तिकडे पाठवू नका म्हणून त्या गयावया करत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या लक्षात आलं की डॉक्टर मंडळी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येतात. त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये अठरा टक्क्यांवर गेलेला मृत्युदर जूनमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास आला.

ही गोष्ट हात धुण्याचं महत्त्व सांगण्यासाठी नेहमी वापरली जाते. मला तिची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. ते डॉक्टर दुष्ट नव्हते. मन लावून काम करणारी, शिकलेली माणसं होती आणि त्यांच्याच रोजच्या सवयीने बायका मरत होत्या. म्हणजे एकट्याच्या कृतीने फरक पडतोच, तो कुठल्या दिशेने पडेल एवढाच प्रश्न उरतो. सेमेलवाइसचं म्हणणं त्याच्या हयातीत फारसं कुणी स्वीकारलं नाही. ते स्वीकारायचं तर आपल्या हातून काय झालं हे आधी कबूल करावं लागलं असतं. १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला.

शंभरावर वर्षांनी, १९७१ साली, बांगलादेशच्या मुक्तियुद्धातले निर्वासित लाखोंनी पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. दिलीप महलानबीस हे डॉक्टर तिथे काम करत होते. इस्पितळात जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलेलं. त्यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या बांधून घेतल्या आणि ते पाणी तोट्या बसवलेल्या पिंपांत भरून ठेवलं. आई, भाऊ, मावशी, जे कोणी रुग्णासोबत आलं असेल त्याने पेला भरायचा आणि पाजत राहायचं. लोकांचा भरवसा बसावा म्हणून त्याला नाव दिलं ‘तोंडाने द्यायचं सलाईन’. मृत्युदर तीस टक्क्यांच्या आसपास होता, तो साडेतीन टक्क्यांच्या जवळ आला. सूत्र शास्त्रज्ञांचं, धाडस महलानबीसांचं. पण रात्रभर जागून पेला ओठांना लावला तो घरच्या माणसाने. त्या हजारो हातांची नावं कुठेही नाहीत.

पुढचं काम बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने केलं आणि ते अजून शिकण्यासारखं आहे. १९८० पासून दहा वर्षं त्यांच्या कार्यकर्त्या दारोदार गेल्या आणि सव्वा कोटीच्या आसपास घरांतल्या आयांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांचं मिश्रण करायला शिकवलं. कार्यकर्तीचा मेहनताना तिने किती घरं केली यावर ठरत नसे. काही दिवसांनी दुसरं कुणी जाऊन त्या आईला विचारत असे आणि तिला किती आठवतं यावर पैसे मिळत. तरी सुरुवातीला लोक ते पाणी वापरेनात. शोध घेतल्यावर कळलं की शिकवणाऱ्यांपैकी अनेकींचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता. घरी जुलाब झाले की त्या गोळ्या आणत. मग आधी त्यांना पटवण्यात आलं, पुरुषांशी बाजारात जाऊन बोलणं सुरू झालं, तेव्हा गाडी पुढे सरकली. स्वतः न मानलेली गोष्ट दुसऱ्याच्या गळी उतरत नाही, हे इथे हिशेबाच्या कागदावर दिसलं.

आता महाराष्ट्राकडे येतो, कारण या प्रश्नावरचं जगातलं सर्वांत भक्कम काम आपल्या राज्यातल्या दोन आडगावी भागांत झालं आहे आणि त्याचा आपल्याला पुरेसा अभिमान नाही.

रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० साली जामखेडला आलं. वेल्लोरला शिकलेलं, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेलं. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचा हा भाग कायम अवर्षणाचा. हजार बाळं जन्मली तर त्यातली १७६ पहिल्या वाढदिवसाआधी जात, असं त्यांच्या सुरुवातीच्या पाहणीत दिसलं. आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावोगाव पाठवल्या. ते फसलं. बाहेरून आलेली, वेगळं बोलणारी, पांढऱ्या कपड्यातली मुलगी सांगते म्हणून कुठली सासू सुनेला बाळंतपणात वेगळं काही करू देईल? मग त्याच गावातली बाई निवडायचं ठरलं. निवडलेल्यांत पुष्कळ जणी निरक्षर, अनेक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या ठरलेल्या दिवशी जामखेडला येत, शिकत, एकत्र जेवत, एकत्र झोपत आणि परत जाऊन गावाला शिकवत.

त्या बायका काय करत? गरोदर बाईला गाठत. नाळ कापायचं पातं उकळलेलं आहे ना, हे बघत. मुलाचं वजन करत, जुलाब झाले तर पाणी पाजायला सांगत. एकेक कृती पाच-दहा मिनिटांची. पण ती रोज होत होती आणि करणारी त्याच गल्लीत राहत होती. रात्री दोन वाजता हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर. जामखेडच्या अनुभवावरचं प्रकरण १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात आलं आणि १९७८च्या अल्मा-आता परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली, त्यामागच्या विचारात या गावांचाही वाटा होता. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडमधली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुष्काळात विंधनविहिरी घ्यायच्या ठरल्या, तेव्हा त्या दलित वस्तीत घेण्यावर भर दिला गेला. पाणी हवं तर सगळ्यांना तिथे जावं लागेल. रोज पाणी भरणं ही किती साधी गोष्ट! पण ते कुठे भरायचं हे बदललं की रोज थोडी थोडी जात झिजते. एकट्याच्या कृतीचं बोलताना आपण तिच्या खालची जमीन कुणी आणि कशी आखली आहे हे विसरतो.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी जे केलं त्याला मी या आढाव्यात सर्वांत वरचं स्थान देतो, कारण त्यांनी भावना आणि पुरावा यांची फारकत होऊ दिली नाही. जन्मल्यापासून पहिल्या अठ्ठावीस दिवसांत सगळ्यात जास्त बाळं मरतात. त्यांना इस्पितळात न्या, हा सल्ला त्या काळात गडचिरोलीच्या जंगलातल्या गावाला देणं म्हणजे सल्ला न देण्यासारखंच होतं. रस्ता नाही, पैसा नाही आणि बाळंतिणीने घराबाहेर पडायचं नाही ही रीत. म्हणून थोडंफार शिकलेल्या गावातल्याच बायकांना शिकवलं गेलं: बाळ जन्मतः रडलं नाही तर श्वास कसा द्यायचा, अशक्त बाळाला झोळीसारख्या पिशवीत उबदार कसं ठेवायचं, जंतुदोषाची लक्षणं कशी ओळखायची, आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन कसं द्यायचं. या आरोग्यदूत. न्यूमोनिया ओळखायला बाळाचा एका मिनिटातला श्वास मोजावा लागतो. ज्यांना मोठे आकडे मोजणं अवघड होतं त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी बसवलेलं साधं उपकरण बनवलं. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलं तर औषध सुरू.

प्रयोग ३९ गावांत झाला, तुलनेसाठी ४७ गावं वेगळी होती. १९९३ ते १९९५ मध्ये पूर्वस्थिती मोजली, मग तीन वर्षं काम. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तिसऱ्या वर्षी तो साधारण २५ वर आला. तुलनेच्या गावांत तो जवळपास होता तिथेच राहिला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. लहान बाळाला इंजेक्शन देण्याचं काम गावातल्या बाईच्या हाती देण्याला डॉक्टरांचा विरोध होता आणि तो पूर्णपणे अनाठायी नव्हता. पण त्याचं उत्तर वादातून मिळालं नाही, गावागावातल्या नोंदवहीतून मिळालं. पुढे २०११ साली केंद्र सरकारने याच धर्तीवर नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची योजना देशभर आशा सेविकांमार्फत लागू केली.

या पाठोपाठ एक वेगळाच प्रश्न आला: हाच मार्ग मनाच्या आजाराला लागू पडेल का? तिथे मोजायला श्वास नाही की वजन नाही. गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने, विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने, हे करून पाहिलं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण देऊन दवाखान्यांत बसवलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना याचा स्पष्ट फायदा झाला. खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. माझ्या मते हा ‘नाही’ फार बोलका आहे. कुटुंबाचा डॉक्टर आधीपासूनच रुग्णाला नावाने ओळखत होता, त्याचं ऐकत होता. तिथे नव्या माणसाने भर घालायला जागा कमी होती. जिथे ऐकणारं कुणीच नव्हतं, तिथे एक ऐकणारा बसवल्याने फरक पडला.

झिंबाब्वेतल्या हरारे शहरात डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर आजीबाईंना बसवलं. देशात मनोविकारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आज्या मात्र प्रत्येक वस्तीत. २०१६ साली त्याचीही रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली आणि सहा महिन्यांनंतर त्या बाकावर बोललेल्यांचा त्रास बाकीच्यांपेक्षा कमी होता. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने २०१३ पासून नाशिक जिल्ह्यातल्या गावांत ‘आत्मीयता’ नावाने असंच काम सुरू केलं. गावातलाच कुणी शेजाऱ्याकडे जाऊन बसतो, मोबाइलवर छोटी फिल्म दाखवतो, ऐकून घेतो, आणि पेन्शनचा अर्ज अडला असेल तर त्यालाही हात लावतो. दुःख आणि अडलेला अर्ज यांची गाठ आपल्या शेतकरी भागात किती घट्ट आहे, हे ज्याला माहीत आहे त्याला या शेवटच्या गोष्टीचं मोल कळेल.

हे सगळं ओळखीच्या माणसांबद्दल झालं. अनोळखी माणसाचं काय? इथे मानसशास्त्राने आपली बरीच वर्षं दिशाभूल केली, असं मला वाटतं. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. अडतीस जणांनी पाहिलं, कुणी हललं नाही, असं छापून आलं. तो तपशील पुढे बऱ्याच अंशी चुकीचा ठरला. पण त्यातून जॉन डार्ली आणि बिब लाताने यांचे प्रयोग निघाले. समोरच्याला झटका आल्याचं ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटलं तर ८५ टक्के लोक उठले, आणखी चौघे ऐकत आहेत असं वाटलं तर ३१ टक्केच. गर्दी म्हणजे बेपर्वाई हे समीकरण पाठ्यपुस्तकांत बसलं ते तेव्हापासून. अलीकडे ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन इथल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपलेली २१९ भांडणं संशोधकांनी तपासली, तेव्हा दहापैकी नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलेलं दिसलं. आणि बघे जितके जास्त तितकी मदत मिळण्याची शक्यताही जास्त. प्रयोगशाळेतली खोली आणि खरा रस्ता यांत फरक आहे.

आपल्या रस्त्यांवर आणखी एक भीती असते, पोलीस आणि कोर्टाच्या फेऱ्यांची. अपघातातल्या जखमीला उचलणाऱ्यालाच चौकीत बसवतील, ही धास्ती निराधार नव्हती. मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये कायद्याचं बळ दिलं आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १३४-अ आलं. आता जखमीला इस्पितळात पोहोचवणाऱ्याला नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगणं, हीसुद्धा एक साधी कृती आहे.

चांगुलपणा साथीसारखा पसरतो, असा एक लोकप्रिय दावा आहे. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी मित्राच्या मित्राच्या मित्रापर्यंत सवयी पोहोचतात असं मांडलं. सारखी माणसं मुळातच एकत्र येतात, म्हणून त्यांच्या सवयी सारख्या दिसतात, असा आक्षेप त्यांच्या आकडेमोडीवर घेतला गेला आणि तो वजनदार आहे. मी या दाव्यावर फार विसंबणार नाही. त्यापेक्षा अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचा शिकागोतला छोटा प्रयोग मला जास्त विश्वासार्ह वाटतो. बर्फावर घसरायला आलेल्या अनोळखी माणसाला गरम चॉकलेटचा पेला द्यायचा. देणाऱ्यांनी त्याच्या आनंदाचा जो अंदाज केला, त्यापेक्षा त्याला प्रत्यक्षात कितीतरी जास्त आनंद झाला. देणारा वस्तूकडे बघतो, घेणाऱ्याला माणूस दिसतो. ‘एवढ्याशाने काय होणार’ या संकोचाचं मूळ बहुधा इथेच आहे.

रक्तदानाचं उदाहरण या प्रश्नाला वेगळी कलाटणी देतं. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स हॅरिसन यांच्या रक्तद्रवात एक दुर्मीळ प्रतिपिंड होतं, ज्यापासून गर्भवतींना द्यायचं ‘अँटी-डी’ इंजेक्शन बनतं. १९५४ ते २०१८ या काळात त्यांनी ११७३ वेळा रक्तद्रव दिला आणि त्याचा लाभ चोवीस लाख बाळांना झाल्याचं तिथली रक्तसेवा मानते. सुईची भीती असल्याने ते दर वेळी तोंड फिरवून बसत. इकडे मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे यांनी १९५२ साली शोधलेला ‘बॉम्बे’ रक्तगट भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो. त्या गटाच्या रुग्णाला ‘ओ’ गटाचंही रक्त चालत नाही, त्याच गटाचं लागतं. अशा वेळी फोन उचलून रात्रीच्या गाडीने निघणारा दाता केवळ भला माणूस राहत नाही. त्याच्याशिवाय उपायच नसतो.

आता मर्यादा. मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये एका वयोवृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली. हजारो लोक जोडले गेले, संयुक्त राष्ट्रांनी गौरव केला, २०१८ साली तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं दिसली. तरीही दर पावसाळ्यात समुद्र नवा कचरा आणून टाकतोच, कारण तो नाल्यांतून आणि खाड्यांतून येतो, वेष्टनांच्या कारखान्यांतून येतो. तिथे वाकलेल्या माणसाला ‘तू थांबलास म्हणून कचरा झाला’ असं म्हणणं क्रूरपणाचं आहे. मोठ्या कंपन्या आणि सरकारं आपली जबाबदारी नागरिकाच्या शिरावर ढकलतात, तेव्हा एकट्याच्या कृतीचं कौतुक हे त्यांचं हत्यार बनतं.

आशा सेविकांच्या बाबतीत नेमकं हेच होतं आहे. सुमारे दहा लाख आशांना २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने गौरवलं. बाळ जन्मल्यावर दीड महिन्यात सहा-सात वेळा त्याच्या घरी जायचं, वजन करायचं, ताप बघायचा, नोंद करायची. योजना सुरू झाली तेव्हा या सगळ्या भेटींचे मिळून अडीचशे रुपये ठरले. कागदावर त्या स्वयंसेविका आहेत, त्यामुळे वेतन नाही, मानधन. आणि २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना त्यासाठी संप करून आझाद मैदानात ठाण मांडावं लागलं. जामखेड आणि गडचिरोलीचा पुरावा बायकांच्या घरोघरी जाण्याबद्दल जेवढा आहे, तेवढाच त्यामागच्या आठवडी प्रशिक्षणाबद्दल, औषधाच्या पुरवठ्याबद्दल आणि चूक झाली तर पाठीशी उभ्या राहणाऱ्या डॉक्टरबद्दलही आहे. आपण घरोघरी जाणं उचललं आणि पाठीशी उभं राहणं सोडून दिलं. वाचलेलं मूल गावात इतर मुलांसारखंच हुंदडत असतं, त्याच्याकडे बघून कुणाला मृत्यू टळल्याचं कळत नाही. म्हणून अशा कामाचं श्रेय आणि मोबदला दोन्ही सहज बुडतात.

या प्रश्नाचं पुढचं क्षेत्र म्हातारपण आहे. कोकणातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आज फक्त वृद्ध उरले आहेत; मुलं मुंबईत, पुण्यात, नाहीतर परदेशात. केरळमध्ये कोझिकोडच्या डॉक्टरांनी १९९३ साली वेदनामुक्तीचा दवाखाना सुरू केला आणि १९९९ नंतर ते काम शेजाऱ्यांच्या हाती सोपवत नेलं. प्रशिक्षण घेतलेला माणूस आठवड्याचे किमान दोन तास देतो, अंथरुणाला खिळलेल्याच्या घरी जातो, जखम धुतो, औषध संपलंय का बघतो, परिचारिकेला कळवतो. २००८ साली केरळ सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण केलं आणि पंचायतींना त्यात ओढलं. महाराष्ट्रात माणसं आहेत, गावोगावी बचत गट आहेत, ग्रामपंचायतीकडे निधीही येतो. बंग आणि आरोळे यांनी जन्माच्या वेळी जे करून दाखवलं ते आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला करून, गाववार मोजून दाखवणारी पाहणी आपल्याकडे व्हायला हवी. आणि ती सुरू करायला मंत्रालयातल्या आदेशाची वाट बघण्याचं कारण नाही, एक तालुका आणि एक परिचारिका पुरे.